रोडमॅपवरची तारीख कोणाची?

सॉफ्टवेअरच्या धंद्यात सध्या एक वाद रंगला आहे. प्रॉडक्टचा रोडमॅप, म्हणजे कोणती सोय कोणत्या क्रमाने येणार याचा आराखडा, करायचा की नाही, आणि केलाच तर त्यावर तारखा लिहायच्या की नाही? पुण्या-बंगळुरूकडच्या परिषदांमध्ये 'रोडमॅप मेला' असं म्हणणारा वक्ता टाळ्या घेतो. इकडे जळगाव-धुळ्यात कापसाच्या जिनिंगचा मालक किंवा पतसंस्थेचा व्यवस्थापक एकच विचारतो, "भाऊ, ते कधी होईन?" त्याच्या हातात बारा महिन्यांच्या बारा रकान्यांची एक्सेल शीट ठेवली की निदान त्या दिवशी तरी तो समाधानाने चहा पाजतो. पहिल्या गटाला दुसरा अडाणी वाटतो, दुसऱ्याला पहिला पळपुटा. माझ्या मते दोघेही चुकीच्या जागी भांडताहेत. विचारायला हवं ते हे की रोडमॅपवरची तारीख कोणी ठरवली आहे. ग्राहकाच्या जगाने ठरवलेली तारीख, मग ती कायद्याची असो, हंगामाची असो की सणाची, रोडमॅपवर ठळक असलीच पाहिजे. कंपनीने स्वतःच्या हौसेने किंवा विक्रीच्या दडपणाखाली टाकलेली तारीख खुशाल खोडावी. आणि काय करायचं नाही हे कोण ठरवतं, कोणासमोर ठरवतं, याबद्दल तर या वादात कोणी तोंडच उघडत नाही. माझा खरा आक्षेप तिथे आहे.

तारीखविरोधकांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती कच्ची नाही. आधीची कामं किती लांबली हे ठाऊक असूनही माणूस हातातल्या कामाला कमीच वेळ धरतो, ही खोड मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच नोंदवून ठेवली आहे. सॉफ्टवेअरमध्ये ती जास्त भोवते, कारण इथलं प्रत्येक काम थोडंफार पहिल्यांदाच होत असतं. आधी झालेलं असतं तर ते नक्कल करून लावलं नसतं का? मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने २००१ मध्ये 'लाँगहॉर्न' नावाने विंडोजच्या पुढच्या आवृत्तीचं काम सुरू केलं, त्यात एकावर एक स्वप्नं रचली, २००४ मध्ये बरंचसं काम बाजूला सारून नव्याने मांडणी केली, मोठा गाजावाजा केलेली विनएफएस ही फाइल साठवणीची व्यवस्था वगळली, आणि शेवटी ती आवृत्ती 'व्हिस्टा' या नावाने सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती पडली ती जानेवारी २००७ मध्ये. पैसा कमी नव्हता, माणसं कमी नव्हती. उलट माणसं वाढवून काम लवकर होतं हा समजही जुनाच खोटा ठरलेला आहे. आयबीएमच्या ओएस/३६० या संगणक-प्रणालीच्या प्रचंड प्रकल्पाची धुरा वाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलं की लांबलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसं लावली तर तो आणखी लांबतो. तरी आमच्याकडे "दोन पोरं अजून लावा ना" हा सल्ला प्रत्येक बैठकीत मिळतोच, आणि तो देणाऱ्याला आपण फार व्यवहारी बोललो असं वाटतं.

तारीखविरोधकांचं आणखी एक प्रमाण म्हणजे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे सतरा जणांनी मिळून लिहिलेला अजाइल, म्हणजे लहान टप्प्यांत, बदल स्वीकारत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा. योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं आम्ही अधिक मोलाचं मानतो, असं त्यात आहे. खरं आहे. पण त्याच जाहीरनाम्यात पुढे असंही आहे की योजनेलाही मोल आहे, फक्त दुसऱ्या बाजूला ते अधिक आहे. हे पुढचं वाक्य व्यासपीठावर कोणी वाचून दाखवत नाही. अर्धं वाचून संप्रदाय काढायची आपल्याकडे परंपरा आहेच. ती सॉफ्टवेअरवाल्यांनी चालवली एवढंच.

शिवाय या सगळ्यातून 'तारीखच नको' हा निष्कर्ष निघतो कसा? काम किती दिवसांत होईल हे आपल्याला सांगता येत नाही, म्हणून ते कोणत्या दिवसाआधी व्हायला हवं हेही संपलं, असं थोडंच आहे? जळगावचा सराफ बाजार घ्या. सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असलेलेच हॉलमार्क दागिने विकायचे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. त्या वर्षी गुढीपाडवा २२ मार्चला होता आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) २२ एप्रिलला. म्हणजे सोनं खरेदीचे दोन मोठे मुहूर्त, एक नियमाच्या अलीकडे आणि एक पलीकडे. त्यातही, ज्या सराफांनी जुन्या साठ्याची आधीच नोंद केली होती त्यांना ऐन वेळी जूनअखेरपर्यंत मुदत मिळाली, म्हणजे काही काळ बिलाच्या सॉफ्टवेअरला दोन्ही प्रकारचा माल सांभाळणं आलं. अशा दुकानदाराला 'आम्ही तारखांवर नाही, परिणामांवर काम करतो' असं ऐकवणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजरने एकदा आखाजीच्या दिवशी गल्ल्यावर बसून पाहावं.

कापसाचं गणित तर आणखी वेगळं. काही व्यापारी गणेश चतुर्थीला मुहूर्ताची खरेदी करतात, पण खरी आवक दसरा-दिवाळीपासून. मग फेब्रुवारी-मार्चपर्यंत वजनकाट्यावर गाड्यांची रांग. वजनाची पावती, ओलाव्याची कपात, शेतकऱ्याचे पैसे, रुई-सरकीचा उतारा, गाठींचा साठा, सगळं एकमेकांत अडकलेलं. या काळात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकू द्यायला कोणताही शहाणा मालक तयार होत नाही, आणि त्याने होऊही नये. याचा अर्थ असा की गणपतीपर्यंत जी सोय तयार झाली नाही ती ऑक्टोबरअखेर झाली काय आणि पुढच्या जूनमध्ये झाली काय, ग्राहकाला सारखंच. ती त्याला पुढच्याच हंगामात मिळणार. पंधरा दिवसांचा उशीर दसरा ओलांडत असेल तर तो वर्षाचा उशीर असतो. आणि जे काम मार्चमध्ये पूर्ण झालं ते मे महिन्यात झालं असतं तरी बिघडलं नसतं. दोन-दोन आठवड्यांच्या ठरावीक टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, काम मोजणाऱ्या टीमला सगळे आठवडे एकाच किमतीचे वाटतात. जिनिंगला तसे ते नसतात. ज्या रोडमॅपवर दसरा दिसत नाही तो खानदेशातल्या ग्राहकासाठी बनलेलाच नाही, मग तो कितीही आधुनिक पद्धतीने बनवलेला असो.

मग तारीख पक्की धरली तर सैल काय सोडायचं? व्याप्ती, म्हणजे त्या तारखेला किती कामं द्यायची ते. हे काही मी शोधून काढलेलं नाही. उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली ऑक्टोबर २००४ पासून दर वर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती काढते; आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो. जे तयार झालं ते त्या गाडीत बसतं, उरलेलं पुढच्या. एकदाच, २००६ मध्ये, एप्रिलची आवृत्ती दोन महिने पुढे ढकलली, आणि तेही आधी सांगून. म्हणून ती ६.०४ न होता ६.०६ झाली. लाँगहॉर्नमध्ये स्वप्नं पक्की आणि तारीख सैल होती, इथे उलटं.

आपल्या सरकारच्या कारभारातही ही दोन्ही रूपं सापडतात. मालवाहतुकीसाठी लागणारं ई-वे बिल १ फेब्रुवारी २०१८ ला एकदम देशभर सक्तीचं करायचं ठरलं; पहिल्याच दिवशी यंत्रणा कोलमडली आणि सक्ती पुढे ढकलावी लागली. मग १ एप्रिलपासून आंतरराज्य वाहतुकीला आणि १५ एप्रिलपासून एकेका गटातल्या राज्यांच्या अंतर्गत वाहतुकीला, अशी ती टप्प्याने लावली गेली. ई-इन्व्हॉइसच्या, म्हणजे बिलाची सरकारी यंत्रणेत ऑनलाइन नोंद करण्याच्या सक्तीच्या, वेळी मात्र सुरुवातीपासून पायऱ्या केल्या: ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरची उलाढाल असलेले, जानेवारी २०२१ मध्ये १०० कोटींवरचे, त्याच एप्रिलमध्ये ५० कोटींवरचे, एप्रिल २०२२ मध्ये २० कोटींवरचे, ऑक्टोबरमध्ये १० कोटींवरचे आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवरचे. मोठ्या कंपन्यांनी पहिल्या ठेचा खाल्ल्या, धरणगावच्या किंवा दोंडाईच्याच्या व्यापाऱ्यापर्यंत येईतो वाट बरीच मळली होती. जीएसटीच्या यंत्रणेवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे, पण हा रोडमॅप चांगला होता. प्रत्येक पायरीला तारीख होती आणि कोणत्याही तारखेला सगळं काही होणार नव्हतं.

आता दुसऱ्या बाजूकडे. तारखा मागणाऱ्या मालकाला अडाणी म्हणणाऱ्यांना खानदेश कळलेला नाही. अलीकडे 'आत्ता, पुढे, नंतर' अशा तीन रकान्यांचा रोडमॅप लोकप्रिय आहे; तो वापरायला मला आवडतो आणि बहुतेक टीमना मी तोच सुचवेन. पण यातल्या 'नंतर' या रकान्याचा अनुभव इथल्या माणसाला सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीपासून आहे. धुळ्यावरून जाणारा मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग हा कित्येक दशकं निवडणुकीच्या भाषणांत होता; ३०९ किलोमीटरच्या, १८,०३६ कोटींच्या या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती २ सप्टेंबर २०२४ ला. अमळनेर तालुक्यात तापीवर पाडळसे इथलं निम्न तापी धरण गेल्या शतकात मंजूर झालं, त्याच्या खर्चाचा आकडा कित्येक पटींनी फुगला आणि ते अजून पूर्ण व्हायचं आहे. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला तुम्ही तारीख नसलेला रकाना दाखवून 'हे नक्की यादीत आहे' म्हणाल, तर त्याने त्याचा काय अर्थ घ्यावा? त्याच्या दृष्टीने तारीख मागणं हे एकमेव हत्यार आहे, जे वापरून तो तुमचं 'लवकरच' तपासू शकतो.

त्याचं दुखणं खरं, पण त्याने मागितलेलं औषध चुकीचं. वर्षभराच्या कामांवर वर्षभराच्या तारखा लिहून घेतल्या की कंपनी दोनपैकी एक करते. एक तर प्रत्येक आकडा दुप्पट करून सांगते, नाहीतर तारीख पाळते आणि जे डेमोत दिसत नाही ते कापते. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी नव्यात नीट आणणं कापलं जातं. बॅकअप परत लावून पाहणं कापलं जातं. काट्यावरच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मराठी नावं नीट उमटतात का, माउसला हात न लावता नुसत्या कीबोर्डवर पावती निघते का, हे तपासणं कापलं जातं. एक्सेल शीटमधल्या रकान्यात हिरवा रंग भरला जातो आणि पहिल्या गर्दीच्या दिवशी मुनीम पुन्हा वहीत लिहायला लागतो. मालकाला तारीख मिळाली, काम मिळालं नाही.

तारखांच्या रोडमॅपच्या बाजूने सगळ्यांत भक्कम दाखला सेमीकंडक्टर उद्योगाचा दिला जातो, आणि तो खोडायला सोपा नाही. रोडमॅप ही पद्धत गाजवली ती मोटोरोलाने १९८० च्या दशकात. पुढे अमेरिकी चिप उद्योगाने ती उचलली, १९९८ पासून ती आंतरराष्ट्रीय झाली आणि २०१६ पर्यंत चालली. पंधरा-पंधरा वर्षं पुढचे तक्ते, वर्षागणिक आकडे. आणि उद्योग ते आकडे बऱ्याच अंशी गाठत राहिला! पण त्या तक्त्यांचा एक गुण आमच्या एक्सेल शीटमध्ये औषधालाही सापडत नाही. ज्या गोष्टीच्या उत्पादनाचा मार्ग कोणालाच ठाऊक नव्हता, तिचं घर तिथे लाल रंगवलेलं असे. म्हणजे जगातल्या सर्वांत काटेकोर रोडमॅपवर 'हे आम्हाला अजून जमत नाही' असं छापून येत होतं, स्पर्धकांच्या आणि पुरवठादारांच्या डोळ्यांदेखत. आमच्याकडे कोणत्या विक्री प्रतिनिधीने ग्राहकासमोर एखादं लाल घर ठेवलं आहे?

इथून मी मूळ मुद्द्यावर येतो. खानदेशातल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांचे रोडमॅप तारखांमुळे मोडत नाहीत. ते मोडतात 'आमचं एवढं करून द्या'मुळे. एका मोठ्या ग्राहकाला त्याच्या हिशेबपट्टीवर वेगळा रकाना हवा असतो, दुसऱ्याला हमालीचा हिशेब त्याच्या आजोबांच्या पद्धतीने हवा असतो, तिसऱ्या पतसंस्थेला व्याजाची आकारणी एका संचालकाच्या मताप्रमाणे हवी असते. कोणालाही नाही म्हणणं जमत नाही, कारण ग्राहक नात्यातला असतो, नाहीतर नात्यातल्याने आणलेला असतो. मग प्रत्येकासाठी प्रोग्रामची वेगळी प्रत निघते. कायदा बदलला की तोच बदल प्रत्येक प्रतीत वेगळा करावा लागतो आणि त्यात टीमचं सगळं बळ संपतं. ज्यांनी काही वेगळं मागितलंच नाही असे गरीब, गप्प ग्राहक रांगेत सगळ्यांत मागे राहतात. त्यांची कामं कोणी रद्द केली नाहीत. ती कापली गेल्याचं कोणाला कळलंही नाही.

मर्यादित गोष्ट अनेकांत कशी वाटायची, याचं एक उत्तर इथल्याच मातीत आहे. पांझरा, मोसम या नद्यांच्या खोऱ्यांत तीन-चारशे वर्षं चालत आलेली फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली, एका फडात साधारण एकच पीक. कोणत्या फडात काय घ्यायचं हे त्या वर्षीचं पाणी पाहून ठरे. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या. यातली खरी खुबी मला वाटते ती जमिनीच्या वाटणीत: बहुतेक शेतकऱ्यांचे तुकडे प्रत्येक फडात असत. त्यामुळे पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा निर्णय घेता येई, कारण त्या निर्णयाची झळ सगळ्यांना लागे. कोणा एकाचं शेत वाळवून दुसऱ्याचा ऊस पिकवायचा, असं त्यात नव्हतं. पाणी किती आहे ते बंधाऱ्यावर जाऊन कोणालाही दिसे. आणि निर्णय एका वर्षापुरता. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा नवा.

या तुलनेवर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. फडाखालचे शेतकरी एकमेकांना ओळखत होते, पिढ्यान्पिढ्या तिथेच राहणार होते. सॉफ्टवेअरचे ग्राहक एकमेकांचे स्पर्धक असतात, उद्या सोडून जाऊ शकतात, आणि प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात नसते. शिवाय फडाचं फार गोडवे गाऊन वर्णन करायचीही गरज नाही. बंधाऱ्याखाली ज्याची जमीनच नव्हती त्याला त्या निर्णयात आवाज नव्हता, आणि ती पद्धत आज अनेक ठिकाणी मोडकळीला आली आहे. तरीही तिच्यातलं तत्त्व उचलता येतं. ग्राहकाची जमीन प्रत्येक फडात आणता येते. वार्षिक देखभालीच्या करारात सगळ्यांचे पैसे एकाच सामायिक प्रॉडक्टसाठी येतात, हे आधी स्पष्ट लिहा. एखाद्याला खास काम हवं असेल तर त्याने वेगळे पैसे द्यावेत, पण ते काम सामायिक प्रॉडक्टमध्येच जाईल आणि इतरांनाही मिळेल. त्याला ते मान्य नसेल तर ते होणार नाही. आणि त्या खास कामामुळे रोडमॅपवरचं कोणतं काम मागे गेलं, ते नावानिशी सगळ्यांना कळवा. बंधाऱ्यातलं पाणी सगळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणजे टीममध्ये माणसं किती आणि त्यातली नवीन कामाला मोकळी किती, हेही सांगा. चार प्रोग्रामर आहेत आणि त्यातले तीन जुन्या तक्रारींत अडकलेत, हे सांगायला लाज वाटते खरी. पण न सांगता दिलेल्या तारखेची लाज जास्त मोठी असते.

"एवढं सगळं उघड केलं तर स्पर्धक फायदा घेतील," असं कोणी म्हणेल. १९८३ मध्ये ऑस्बोर्न कॉम्प्युटर या अमेरिकी कंपनीने पुढच्या मॉडेलची चर्चा आधीच सुरू केली, लोकांनी चालू मॉडेल घेणं थांबवलं आणि त्याच सप्टेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, ही गोष्ट हमखास सांगितली जाते. कंपनी बुडण्याला इतरही कारणं होती हा भाग वेगळा. पण ऑस्बोर्नने जाहीर केलं होतं ते नवं यंत्र. मी जे उघड करा म्हणतो ते आहे प्रश्नांचा क्रम: या हंगामाआधी आम्ही काट्यावरची रांग कमी करण्यावर काम करतोय, मोबाइल ॲपवर नाही. हे वाचून कोणता स्पर्धक काय चोरणार? काट्यावर रांग लागते हे त्यालाही दिसतंच. आणि खरं सांगायचं तर जळगावच्या बाजारात कोणाचं काय चाललंय हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं. गुप्ततेचा आव फक्त ग्राहकासमोर असतो.

तेव्हा अशा कंपनीला मी सुचवेन तो रोडमॅप साधारण असा. त्यावर पुढच्या एका हंगामापुरत्याच तारखा असतील, त्याही कायद्याने आणि बाजाराने ठरवलेल्या. त्या तारखेला काय नक्की मिळेल आणि वेळ उरला तर काय मिळेल, हे वेगळं लिहिलेलं असेल. त्यापुढचं सगळं नुसत्या क्रमाने, तारखेविना. जमत नाही ते लाल. आणि नाकारलेल्या मागण्यांची यादी कारणांसकट, कारण 'नंतर' या रकान्यात ठेवून कुजवण्यापेक्षा तोंडावर नाही म्हणणं ग्राहकाला परवडतं. तो दुसरीकडे तरी जाऊ शकतो. ही बैठक जानेवारीत नवीन वर्षाच्या उत्साहात घेण्यात अर्थ नाही, तेव्हा काट्यावर गाड्या उभ्या असतात. ती एप्रिल-मे मध्ये घ्यावी. जिनिंग थंडावलेली असते, मार्चअखेरचे हिशेब उरकलेले असतात, सरत्या हंगामातल्या चुका ताज्या असतात आणि दसऱ्याला अजून पाच महिने असतात. फक्त त्या बैठकीला एकटे मालक नकोत. सॉफ्टवेअर विकत घेतो मालक आणि त्याच्यापुढे दिवसभर बसतो मुनीम, आणि गेल्या हंगामात कोणत्या दिवशी वही पुन्हा काढावी लागली हे त्यालाच माहीत असतं. मालकासमोर मुनीम मोकळं बोलणार नाही ही अडचण आहेच. त्याच्याशी आधी काट्यावर जाऊन, एकट्याने बोलावं लागेल.